त्यांची वसुली थांबली, तुमची सुरू झाली

प्रति,
माननीय करसंकटनिवारक,
टोल-फ्री क्रमांकाच्या पलीकडे,
अमेरिका.



पत्र खुलं लिहिते आहे, कारण बंद पाकिटं तुमच्याकडे उघडली जात नाहीत असं तुमच्याच ग्राहकांकडून कळलं. त्यांच्या नावाची आयआरएसची, म्हणजे अमेरिकेच्या आयकर खात्याची, पाकिटं महिनोन्‌महिने तुमच्या टेबलावर पडून असतात, तिथे माझ्या पाकिटाची काय कथा!

मी न्यू जर्सीत लोकांचे कराचे अर्ज भरून देते. गिऱ्हाईक बहुतेक आपलं: पुणे, नाशिक, कोल्हापूर, थोडे हैदराबाद, थोडे सुरत. दर वर्षी मार्च उजाडला की त्यांतले एकदोन जण तुमची पावती घेऊन येतात, म्हणून तुमचा माझा परिचय. प्रत्यक्ष भेट झालेली नाही, पण तुमचा आवाज ओळखीचा आहे. रात्री उशिरा टीव्हीवर आणि गाडीतल्या रेडिओवर तोच असतो. आयआरएसचं देणं थकलं आहे? घाबरू नका! सरकारच्या नव्या ‘फ्रेश स्टार्ट’ योजनेत डॉलरमागे काही सेंट भरा आणि मोकळे व्हा! आजच फोन करा, मुदत संपत आली आहे!

ही नवी योजना २०११ सालची आहे. त्या वर्षी जन्मलेली पोरं आता हायस्कुलात गेली. आयआरएसने तेव्हा काही नियम सैल केले आणि २०१२ मध्ये आणखी थोडे सैल केले. सैल झालेले नियम पुढे रोजच्या कारभारात मुरून गेले. तुमची मुदत मात्र तेव्हापासून दर आठवड्याला संपत आली आहे.

आता मुद्द्याचं बोलू. तुमच्या धंद्यातलं सगळ्यात देखणं कलम मला फार आवडतं, त्याची दाद आधी देते. ज्या माणसाकडे कर भरायला पैसे नाहीत, त्याने आयआरएसला ते पटवून द्यायचं असतं. महिन्याला येतात किती, भाड्याला, किराण्याला, औषधाला, गाडीला जातात किती आणि शिल्लक शून्य कशी राहते, हे अर्जावर मांडायचं. पटलं तर आयआरएस वसुली थांबवते. म्हणजे हे सरकारदरबारी मान्य झालेलं दारिद्र्य. ते सिद्ध करून देण्याचे तुम्ही त्याच माणसाकडून साडेतीन हजार डॉलर घेता, आणि तेही आगाऊ. तुमची फी ज्याला परवडली तो अडचणीत कसा, आणि जो खरोखर अडचणीत आहे त्याने ती कुठून दिली? माझ्याकडे आलेल्या एका गृहस्थांनी क्रेडिट कार्डावर दिली. चोवीस टक्के व्याजाचं कर्ज काढून, सात टक्के व्याजाचं कर्ज फेडता येत नाही असं सिद्ध करून घेतलं. हे सुचायलाही प्रतिभा लागते.

हे गृहस्थ कोण, याच्याशी तुम्हाला कर्तव्य नव्हतं. तुमच्यासाठी ते वीस हजार डॉलरची थकबाकी होते. वाचकांसाठी सांगते. एडिसनच्या बाजूला राहणारे, पन्नाशीच्या अलीकडचे, संगणकवाले. नोकरी गेली. घर चालवायला निवृत्तीच्या ४०१ के खात्यातून पैसे काढले. साडेएकोणसाठ वर्षांच्या आत ते काढले की नेहमीचा कर तर लागतोच, वर दहा टक्के जादा कर बसतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं. म्हणजे त्या वर्षी नोकरीही नव्हती आणि कराचा आकडा मात्र नोकरीच्या वर्षाहून मोठा. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत कंपनीचे शेअर हातात पडताना कापलेला बावीस टक्के कर अपुरा ठरलेला असतो. कुणी कंत्राटी कामावर जातो आणि दर तिमाहीला आगाऊ कर भरायचा असतो हेच विसरतो. यांतलं कुणी कर बुडवायला निघालेलं नसतं. एक वाईट वर्ष आलेलं असतं आणि पाठोपाठ कर भरायचा एप्रिल.

तुमच्या माणसाने या गृहस्थांना फोनवर सांगितलं, “साहेब, तुमचं काम झालं. आयआरएसने केस बंद केली.” त्यांनी पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते.

केस बंद झाली नव्हती. त्यांचं खातं आयआरएसच्या दफ्तरी ‘करंटली नॉट कलेक्टिबल’ म्हणून नोंदलं गेलं होतं, म्हणजे आजच्या घडीला वसुली होण्याजोगं नाही असं. यातला ‘आजच्या घडीला’ हा भाग तुमचा माणूस फोनवर गिळतो. नोंद झाली की आयआरएस पगारावर टाच आणत नाही, बँकेतलं खातं गोठवत नाही. ही गोष्ट लहान नाही. ज्याच्या घरात औषध आणावं की भाडं द्यावं असा प्रश्न आहे, त्याला ती श्वास घ्यायला जागा देते. म्हणून ती कायद्यात आहे. वसुलीने माणसाचा जगण्याचा किमान खर्च भागेनासा होत असेल तर टाच उठवलीच पाहिजे, असं अमेरिकी करसंहितेचं कलम ६३४३ सांगतं. ही त्या खात्याची मेहेरबानी नाही आणि तुमची तर नाहीच नाही.

पण कर्ज जागच्या जागी राहतं. उलट, वाढतं. तुम्ही हिशेब टाळता म्हणून मी मांडते. वीस हजार डॉलर थकले आहेत असं धरा. आयआरएस व्याजाचा दर प्रत्येक तिमाहीला ठरवते: सरकारच्या अल्पमुदतीच्या कर्जाचा दर अधिक तीन टक्के. २०२४ मध्ये तो आठ टक्के होता, २०२५ मध्ये सात. व्याज चक्रवाढ, आणि चक्र रोज फिरतं. सात टक्क्यांनी वर्षाचे साधारण साडेचौदाशे डॉलर झाले. त्यावर न भरल्याचा दंड, महिन्याला अर्धा टक्का, म्हणजे वर्षाचे बाराशे. वसुली थांबलेली असताना, कुणाचाही फोन येत नसताना, गृहस्थ शांत झोपलेले असताना, पहिल्याच वर्षी वीसचे साडेबावीस हजारांवर गेले. दंड पंचवीस टक्क्यांवर जाऊन थांबतो, त्याला पन्नास महिने लागतात. व्याजाला अशी मर्यादाच नाही. दर सात टक्केच राहिला तर दहा वर्षांत हा आकडा पंचेचाळीस हजारांच्या पुढे जातो. ‘डॉलरमागे काही सेंट’ म्हणाला होतात ना? ते काही सेंट असे उलट्या दिशेने चालतात.

गृहस्थांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “मग मधूनमधून थोडे भरले तर चालतात का?” चालतात. जमतील तेव्हा, जमतील तेवढे. वसुली थांबली म्हणून स्वतःहून भरायला बंदी नाही, आणि भरलेल्या रकमेवर पुढचं व्याज चढत नाही. हे एक वाक्य साडेतीन हजारांत बसलं नसतं का, माननीय? की गिऱ्हाइकाने आयआरएसला पन्नास डॉलर पाठवले तर तुमच्या पुढच्या फीला कमी पडतील अशी भीती होती?

पुढच्या वर्षी त्यांना आठशे डॉलरचा परतावा मिळायचा होता. मुलीच्या पुस्तकांसाठी धरून ठेवला होता. तो आलाच नाही, आयआरएसने परस्पर जुन्या थकबाकीत वळता केला. वसुली थांबली तरी परतावा वळता करण्याचा अधिकार थांबत नाही. राज्याच्या परताव्यावरही त्यांची नजर असते. मग वर्षातून एकदा पत्र येतं: तुमचं इतकं देणं आहे, कळावे. त्यात धमकी नसते, फक्त आकडा असतो, गेल्या वर्षीच्याहून मोठा. हे पत्र पाहून गृहस्थ घाबरले आणि त्यांनी तुम्हाला फोन लावला. तुम्ही म्हणालात की ही नवी केस आहे, नवी फी लागेल. वाहवा!

थकबाकी दहा हजारांच्या वर असेल तर आयआरएस ‘फेडरल टॅक्स लीन’ची नोटीस दाखल करण्याची शक्यता धरूनच चालावं. म्हणजे त्या माणसाच्या मालमत्तेवर सरकारचा बोजा आहे असं जाहीर होतं, सातबाऱ्यावर बोजा चढतो तसं. घर विकायला काढा, नव्याने गहाण ठेवायला जा, आधी तो समोर येतो. तुमच्या जाहिरातीतलं आनंदी कुटुंब घरासमोरच्या हिरवळीवर उभं असतं. त्या घराच्या कागदपत्रांत काय लिहिलं आहे ते कॅमेऱ्यात येत नाही.

आणि ही स्थिती कायमची नसते. खातं बाजूला ठेवताना आयआरएस त्यावर एक संकेतांक टाकते, आणि त्या संकेतांकामागे उत्पन्नाचा एक आकडा असतो. पुढच्या कुठल्याही वर्षीच्या अर्जात उत्पन्न त्या आकड्याच्या वर गेलं की संगणक खातं पुन्हा वसुलीच्या रांगेत आणून ठेवतो. गृहस्थांना नवी नोकरी लागली तर त्यांच्या बायकोइतक्याच लवकर ते आयआरएसलाही कळेल. बायकोला आनंद होईल. नवीन वर्षाचा कर थकवला तरी खातं पुन्हा उघडतं. म्हणून वसुली थांबलेल्या माणसाने सगळ्यात आधी करायचं काम म्हणजे यंदाचा कर नीट कापला जातो आहे ना ते बघणं. तुमच्या ‘संपूर्ण समाधान पॅकेज’मध्ये हे कुठे होतं? मी शोधलं. नव्हतं.

आता तुमच्या सगळ्यात महागड्या उपकाराकडे वळते.

आयआरएसकडे वसुलीसाठी दहा वर्षं असतात. कर नोंदवला गेला त्या दिवसापासून मोजायची. कलम ६५०२. ती संपली की उरलेलं देणं कायद्याने सोडून द्यावं लागतं. आणि ऐका, अडचणीमुळे वसुली थांबलेली असली तरी ही दहा वर्षं चालूच राहतात. ज्याची परिस्थिती खरोखर सुधारण्यासारखी नाही, वय झालं आहे, आजार आहे, उत्पन्न तुटपुंजं आहे, त्याच्यासाठी हे घड्याळ हा मोठा आधार असतो. त्याने अर्ज वेळेवर भरत राहायचं आणि वर्षं जाऊ द्यायची, बस्स.

अशाच एका आजींना तुम्ही गाठलंत. सात वर्षं झाली होती, तीन उरली होती. तुम्ही त्यांच्या वतीने ‘ऑफर इन कॉम्प्रमाइज’ टाकलीत, म्हणजे कमी रकमेत तडजोडीचा प्रस्ताव. तो नामंजूर होणार हे तुम्हाला ठाऊक होतं, कारण आजींच्या नावावर घर होतं आणि त्या घराची किंमत थकबाकीहून जास्त होती. पण प्रस्ताव विचाराधीन असेल तेवढा काळ घड्याळ थांबतं. नामंजूर झाल्यावर आणखी तीस दिवस थांबतं. त्यावर अपील केलंत, तेवढा काळ पुन्हा थांबलं. म्हणजे आजींनी तुम्हाला फी दिली ती स्वतःची शिक्षा लांबवून घ्यायला. तुमच्या कागदावर त्या कामाचं नाव ‘संरक्षण’ असं होतं.

भारतात परतायच्या विचारात असलेल्या मंडळींसाठी याच घड्याळाचा आणखी एक तपशील आहे. “दहा वर्षं पुण्यात काढतो, मग आपोआप सुटेल,” असं तुमच्या माणसाने एकाला सुचवलं होतं. करदाता सलग सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ अमेरिकेबाहेर असेल तर तो काळ मोजलाच जात नाही. कोथरूडच्या गॅलरीत बसून दहा वर्षं काढली तरी आयआरएसच्या हिशेबी एकही वर्ष गेलेलं नसतं.

एक चांगली बातमी मात्र खरी आहे, ती तुमच्याकडून नाही तर कायद्यातून. २०१५ च्या ‘फास्ट’ कायद्याने मोठी थकबाकी असलेल्यांचा अमेरिकी पासपोर्ट अडवायची सोय केली. २०२५ साठी ती मर्यादा चौसष्ट हजार डॉलर होती. पण अडचणीमुळे ज्यांचं खातं बाजूला ठेवलं आहे, त्यांची नावं पासपोर्ट अडवायच्या यादीत धाडली जात नाहीत. म्हणजे आईच्या आजारपणात पुण्याला जाता येतं. हा फायदा तुम्ही जाहिरातीत सांगत नाही. बहुधा तो खरा आहे म्हणून.

आणखी एक गोष्ट तुम्ही विसरलात: राज्य. आयआरएसने थांबवलं म्हणजे न्यू जर्सीने थांबवलं असं होत नाही. राज्याचा कर, राज्याचं खातं, राज्याचे नियम, सगळं वेगळं. कॅलिफोर्नियात तर राज्याला वसुलीसाठी वीस वर्षं मिळतात. गृहस्थांना ‘केस बंद’ झाल्यावर दोन महिन्यांनी राज्याची नोटीस आली. त्यांनी ती तुम्हाला पाठवली. तुमच्याकडे ती अजून असेलच. वर म्हटलं तसं, न उघडलेली.

आता तुम्हाला तुमच्याच क्षेत्रातली एक गोष्ट सांगते, कारण ती तुमच्या कार्यालयात कुणी सांगितली नसेल. २००९ साली अमेरिकेच्या टॅक्स कोर्टापुढे टेनेसीतल्या एका बाईंचं प्रकरण आलं. फुप्फुसाचा असाध्य आजार. महिन्याला आठशे डॉलर मिळायचे, आठशेच खर्च व्हायचे. बँकेत चौदा डॉलर. गाडी १९९६ सालची, किंमत सुमारे तीनशे डॉलर. टाच आली तर बाईंचे हाल होतील हे आयआरएसच्या अधिकाऱ्यालाही मान्य होतं. पण मागच्या काही वर्षांचे अर्ज भरलेले नव्हते म्हणून त्याने वसुली थांबवायला नकार दिला. नियमाप्रमाणे आधी अर्ज हवेत, असं त्याचं म्हणणं. कोर्टाने सांगितलं की अडचण सिद्ध झाली असेल तर टाच उठवणं कायद्यानेच बंधनकारक आहे. जी टाच लगेच उठवावी लागणार ती आणायची कशाला? आयआरएसचा निर्णय चुकीचा ठरला. आज त्या निकालाचा दाखला देशभरातले कर-वकील देतात. बाईंचा वकील कोण होता, विचाराल. कुणी नव्हता. त्या स्वतःच उभ्या होत्या. चौदा डॉलर शिल्लक असलेल्या बाईंनी करसंहितेचा अर्थ कोर्टाकडून वदवून घेतला आणि तुम्ही साडेतीन हजारांत एक फॉर्म फॅक्स केलात.

तुमच्या परंपरेबद्दलही बोललं पाहिजे. २०१० मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने बेव्हर्ली हिल्सच्या ‘अमेरिकन टॅक्स रिलीफ’वर खटला भरला. आरोप हाच: थकबाकी कमी करून देतो म्हणायचं, पैसे घ्यायचे, काम करायचं नाही. २०१२ मध्ये तडजोड झाली आणि मालकांना दीड कोटी डॉलरहून अधिक सोडावे लागले. त्याच वर्षी टेक्ससमध्ये ‘टॅक्समास्टर्स’विरुद्ध ज्युरीने सुमारे साडेएकोणीस कोटी डॉलरचा निकाल दिला. तिचे मालक टीव्हीवर स्वतः येऊन धीर द्यायचे. निकालाच्या सुमारासच कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. लोकांचं देणं मिटवून देणाऱ्यांनी स्वतःचं देणं मिटवायचा हा मार्ग निवडला. आयआरएस दर वर्षी सावधगिरीची जी ‘डर्टी डझन’ यादी काढते, तिच्यात ‘ऑफर इन कॉम्प्रमाइज’चे कारखाने चालवणाऱ्यांचा उल्लेख आलेला आहे. मानाचं पान आहे, नाकारू नका.

तुमचे आमच्याकडचे भाऊबंदही होते. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर रात्री धाड घातली. तिथली पोरं अमेरिकेत फोन लावून, आपण आयआरएसचे अधिकारी आहोत, कर भरा नाहीतर अटक होईल, असा दम द्यायची आणि गिफ्ट कार्डांवर पैसे उकळायची. शेकडो जणांना ताब्यात घेतलं. त्या पोरांनी भीती विकली, तुम्ही दिलासा विकता. त्यांतले काही गजाआड गेले. तुमचं कार्यालय काचेचं आहे आणि तुमच्या करारात सव्वीस कलमं आहेत. एवढाच फरक शोधून सापडला.

तुमचं खरं भांडवल काय, हे मला बरेच दिवस कळत नव्हतं. कायद्याचं ज्ञान नाही, ते आताच पाहिलं. आयआरएसमधली ओळखपाळख नाही. तुमचं भांडवल म्हणजे आमच्या माणसाची लाज. एडिसनचे ते गृहस्थ मंडळाच्या गणेशोत्सवात वर्गणी गोळा करायचे. लोक त्यांना हिशेबी म्हणून ओळखतात. मित्रांत कुणी सीए, कुणी सीपीए. एकालाही त्यांनी विचारलं नाही. अनोळखी माणसाला साडेतीन हजार देणं परवडलं, पण ओळखीच्या माणसाला ‘कर थकलाय’ एवढे दोन शब्द सांगणं परवडलं नाही. बायकोलाही सांगितलं नव्हतं. आणि तुमच्या माणसाने त्यांना काय सल्ला दिला? “घरी कशाला ताण द्यायचा, आम्ही आहोत ना!”

अहो, नवराबायकोचा अर्ज एकत्र भरलेला होता. एकत्र अर्जावर दोघांची सही असते आणि देणं पूर्णच्या पूर्ण दोघांवर, वेगवेगळंही आणि मिळूनही. ज्या बाईला तुम्ही ताण देऊ नका म्हणालात, तिच्या पगारावरही उद्या टाच येऊ शकते. शिवाय अडचणीच्या अर्जावर सगळ्या घराचा जमाखर्च मांडायचा असतो. तिचा पगार तुम्ही कुठून आणलात, विचारून की अंदाजाने? अर्जाखाली खोटं लिहिल्यास शिक्षा होईल असं छापलेलं असतं. ती शिक्षा तुम्हाला होत नाही, सही करणाऱ्याला होते.

आता तुमच्या पोटावर पाय देते. माफ करा.

थकलेल्या माणसाने करायचं एवढंच. आलेलं पत्र उघडायचं. ‘टाच आणण्यापूर्वीची शेवटची नोटीस’ असेल तर तीस दिवसांत सुनावणी मागता येते, तो दिवस चुकवायचा नाही. मागचे अर्ज राहिले असतील तर पैसे नसले तरी आधी अर्ज भरायचे, कारण अर्ज न भरल्याचा दंड महिन्याला पाच टक्के आहे आणि न भरलेल्या कराचा अर्धा टक्का, दहा पट फरक. हप्त्याने जमत असेल तर पन्नास हजारांपर्यंतच्या थकबाकीला हप्ते आयआरएसच्या संकेतस्थळावर स्वतः बांधून घेता येतात. आधीची तीन वर्षं वागणूक चांगली असेल तर पहिल्या चुकीचा दंड माफ करा असं फोनवर विनवता येतं. आणि हप्ताही झेपत नसेल तर नोटिशीवरच्या क्रमांकाला फोन करून सांगायचं की वसुलीने घर चालणार नाही. ते बहुधा फॉर्म ४३३-एफ मागतील. दोन पानी आहे. भाडं, किराणा, औषधं, विमा, गाडी आणि त्याच्या पावत्या. जमाखर्चाची वही ठेवणाऱ्या आमच्या आज्यांनी तो दुपारच्या चहाआधी भरला असता. फी शून्य.

फोन लवकर लागत नाही, हे कबूल. तासभर संगीत ऐकावं लागतं. तुमच्याकडे मात्र फोन पहिल्या घंटीला उचलतात, त्याचं कौतुक आहे. पण आयआरएस दाद देत नसेल तर तिच्याच घरात ‘टॅक्सपेयर अॅडव्होकेट’ आहे. तिथे करायच्या अर्जाचा क्रमांक ९११ आहे. सरकारी विनोद कधीकधी जमतो. उत्पन्न बेताचं असेल तर देशभर ‘लो इन्कम टॅक्सपेयर क्लिनिक’ आहेत. बऱ्याच विधी महाविद्यालयांत चालतात, फुकट किंवा नाममात्र पैशांत वकील उभा करतात. तडजोडीचा प्रस्ताव टिकेल की नाही हे आधी तपासायचं साधन संकेतस्थळावर फुकट आहे. आणि प्रकरण खरंच गुंतागुंतीचं असेल, धंदा असेल, मोठी रक्कम असेल, तर चांगला कर-वकील वा सीपीए जरूर धरावा. असे पुष्कळ आहेत. ते कागद बघितल्याशिवाय आकडा सांगत नाहीत. तुम्ही आकडा आधी सांगता आणि कागद कधीच बघत नाही.

तेव्हा एक विनंती. तुम्ही आता मराठी गिऱ्हाइकांसाठीही जाहिरात करणार आहात, असं ऐकते. मजकूर लिहायला माणूस लागेल. मी फुकट लिहून देते, खालचा जसाच्या तसा वापरा, श्रेय नको.

‘आयआरएसचं देणं थकलंय? आम्हाला फोन करा! तुमच्याकडे पैसे नाहीत हे आम्ही सिद्ध करून देऊ. वसुली थांबेल, कर्ज थांबणार नाही. व्याज रोज चढेल, दंड दर महिन्याला. परतावा सरकार ठेवून घेईल, घरावर बोजा चढू शकतो, पगार वाढला की सगळं पुन्हा सुरू होईल. दहा वर्षांचं घड्याळ चालू असेल तर ते थांबवायची खास सोय आमच्याकडे आहे. बायकोला सांगू नका, ती फक्त निम्मी नाही, पूर्ण जबाबदार आहे. हे सर्व काम आपण घरबसल्या फुकट करू शकता. आमची फी साडेतीन हजार डॉलर, आगाऊ. परत मिळणार नाही.’

कळावे,

आपल्या माजी गिऱ्हाइकांचे अर्ज निस्तरणारी,
एक कर-कारकून